दाब किती पौंडांचा हवा?

वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्या

मागच्या अंकात फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, वाढवण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांचा रोख बहुतेक क्लचकडेच आहे, म्हणून या वेळचं सदर सगळं क्लचला दिलं आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच : इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं, त्याच्यावर स्प्रिंगांची प्रेशर प्लेट असते, आणि दोघांच्या मधे दाबून धरलेली क्लच प्लेट इंजिनाचा पिळ गिअरबॉक्सला देते. पेडल दाबलं की ती सुटते.

ताई, माझी 1969 ची बीटल आहे. 1600 सीसीचं केस (इंजिनाचा बाहेरचा सांगाडा) घेऊन त्याचं 1776 करतोय : 90.5 मिमीचे पिस्टन, 69 मिमी स्ट्रोकचाच क्रँक, दोन कार्ब्युरेटर आणि थोडा चढा कॅम. गाडी आठवड्यातून एक-दोनदा ऑफिसला, सुटीच्या दिवशी लोणावळा किंवा नाशिक. सुटे भाग विकणाऱ्याचं म्हणणं, इंजिन वाढवलं की क्लच रेसिंगचाच हवा. 2600 पौंडांची प्रेशर प्लेट आणि तांब्याच्या ठोकळ्यांची क्लच प्लेट घ्या. मित्र म्हणतो, कंपनीचाच बसव. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, ठाणे

मित्राचं ऐका. फार तर त्याच्या एक पायरी वर जा, दोन पायऱ्या नको.

आधी हिशेब करू. साध्या 1600 चा टॉर्क, म्हणजे पिळ, साधारण 106 न्यूटन-मीटर. 1776 ला 1584 ने (1600 चं खरं माप) भागलं की 1.12 येतं, म्हणजे नुसत्या वाढलेल्या मापानं टॉर्क 119 च्या आसपास जातो. दोन कार्ब्युरेटर, कॅम आणि कॉम्प्रेशन धरून मी 140 लिहीन. क्लच निवडताना हाच आकडा बघायचा. हॉर्सपॉवर विसरा. इंजिन 5000 आरपीएमला किती ताकद देतं याच्याशी क्लचला देणंघेणं नाही, त्याला पेलायचा असतो तो पिळ.

आता क्लच किती पिळ धरतो ते बघा. घासणाऱ्या बाजू दोन, गुणिले लायनिंगची (क्लच प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची) पकड, गुणिले प्रेशर प्लेटचा दाब, गुणिले लायनिंगची सरासरी त्रिज्या. तुमचा क्लच 200 मिमीचा आहे. लायनिंगचा आतला व्यास 130 च्या आसपास धरला तर सरासरी त्रिज्या 82 मिमी येते. पकड 0.3 धरू. कंपनीच्या प्लेटचा दाब हिशेबापुरता 1200 पौंड घेतला, म्हणजे 5340 न्यूटन, तर उत्तर येतं 263 न्यूटन-मीटर. तुमच्या इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट! पण घाटात, भरल्या गाडीनं, क्लच तापला की पकड 0.3 वरून 0.2 वर उतरते, आणि मग तोच क्लच 175 ला येतो. 140 च्या पुढं 35 चीच शिल्लक. नव्या क्लचला तेवढी पुरते. लायनिंग झिजली, स्प्रिंगा थकल्या, कुठूनतरी तेलाचा थेंब आला की ती शिल्लक संपते.

हवेनं थंड होणाऱ्या इंजिनांवर काम करणाऱ्या लोकांत कॅलिफोर्नियातल्या केनेडीच्या प्रेशर प्लेटचं नाव आहे. त्यांची पहिली पायरी 1700 पौंडांची, दुसरी 2100 ची. 1700 ची घेतली तर वरच्याच हिशेबानं थंड असताना 370 आणि तापल्यावर 250 च्या जवळ आकडा येतो. तुम्ही लोणावळ्याला चार माणसं आणि सामान घेऊन जाणार असाल तर ही घ्या. एकटे-दुकटेच फिरणार असाल तर चांगल्या कंपनीची नवी मूळ प्रतीची प्लेट पुरे. श्वाइनफुर्टच्या झाक्स कंपनीची मिळाली तर डोळे मिटून घ्या. 2600 पौंडांची प्लेट ही ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) चिकट टायर लावून गाडी सोडणाऱ्यांसाठी. तिथं क्लच क्षणभरही सरकायला नको असतो. ठाण्यात तुम्हाला तो दर सिग्नलला थोडा सरकायलाच हवा, नाहीतर गाडी हलणार कशी?

जास्तीचा दाब फुकट मिळत नाही, हे मला फार कळकळीनं सांगायचं आहे. तो आधी तुमच्या डाव्या पायात येतो. तिथून केबलमध्ये. बीटलची क्लच केबल गाडीच्या तळाच्या मधल्या बोगद्यातून एका नळीतून जाते आणि ती नळी आत वेल्ड केलेली असते. जड प्लेट लावली की पन्नास-साठ वर्षांचं ते वेल्ड सुटतं. मग पेडल दाबलं की केबलऐवजी नळीच हलते आणि बोगदा कापून आत हात घालावा लागतो. पुढं गिअरबॉक्समध्ये क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगला ढकलणारा आडवा शाफ्ट जुन्या गाड्यांत 16 मिमीचाच असतो, तो पिळतो. नंतरच्या गाड्यांत कंपनीनंच तो 20 मिमीचा केला.

सगळ्यात महागाचं नुकसान मात्र दिसतच नाही. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला इंजिनाच्या दिशेनं रेटतं, आणि तो रेटा फ्लायव्हीलमधून क्रँकमध्ये जाऊन फ्लायव्हीलकडच्या मेन बेअरिंगच्या कॉलरवर बसतो. बेअरिंग बसलेलं असतं मॅग्नेशियमच्या केसमध्ये, आणि तो धातू मऊ. भोसरीच्या माझ्या मशीन शॉपमध्ये असं एक केस आलं होतं : क्रँक बाहेर काढला तर बेअरिंगच्या कॉलरनं केसमध्ये स्वतःची बैठक ठोकून खोल केलेली, कडेला राखाडी धातूची पापडी उठलेली. बोट फिरवलं तर पायरी लागत होती. पिस्टन-सिलेंडर जवळजवळ नवे होते. गाडी शहरात चालायची, प्लेट जड होती आणि चालवणारा सिग्नलला पेडल दाबून उभा राहायचा. केस पुन्हा लाईनबोअर करून (बेअरिंगच्या बैठका एका रेषेत कातून), जास्त मापाचं बेअरिंग घालून वाचवलं, पण तोवर मालकाचा क्लचच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला होता.

तुमच्या इंजिनाची तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून मागं पुलीजवळ बसा आणि कुणालातरी पेडल दाबायला-सोडायला सांगा. पुली पुढं-मागं हललेली डोळ्यांना दिसली तर आधी ते बघा, क्लचची खरेदी मग.

तांब्याच्या ठोकळ्यांची प्लेट नको, याचं कारण वेगळं. ती धरते तेव्हा पूर्ण धरते आणि सोडते तेव्हा पूर्ण सोडते. अधलंमधलं तिच्यात काही नाही. घोडबंदर रोडच्या गर्दीत गाडी इंचाइंचानं पुढं न्यायची असते. तिथं ती दर वेळी हिसका देणार आणि तो हिसका गिअरबॉक्सच्या दातांवर जाणार. शिवाय ती फ्लायव्हील खाते. साध्या लायनिंगची, मधे स्प्रिंगा असलेली प्लेट घ्या. मधल्या स्प्रिंगा पिळाचा पहिला धक्का गिळतात.

खरेदीआधी गिअरबॉक्स तपासा. 1971 च्या आसपास कंपनीनं रिलीज बेअरिंग बदललं. आधीच्या गिअरबॉक्समध्ये बेअरिंग आडव्या शाफ्टच्या फाट्यांवर क्लिपांनी लटकतं आणि त्याच्यासाठी प्रेशर प्लेटच्या मधोमध एक गोल रिंग असते. नंतरच्या गिअरबॉक्समध्ये इनपुट शाफ्टभोवती नळी असते, बेअरिंग त्या नळीवर सरकतं आणि प्लेटला ती रिंग नसते. या दोन्हींची भेसळ चालत नाही. आपल्याकडे या गाड्यांचे गिअरबॉक्स इतके इकडचे तिकडे झालेत की आरसी बुकातल्या सालावर विसंबू नका. इंजिन उतरवलं की टॉर्च घेऊन बेल हाउसिंगमध्ये (गिअरबॉक्सच्या ज्या तोंडात क्लच बसतो तिथं) बघा, नळी आहे की नाही. त्यावरून ऑर्डर द्या.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या बारीक भेगा असतील तर लेथवर एक हलका कट घ्यायला सांगा. घासणाऱ्या भागातून जेवढं काढलं तेवढंच प्रेशर प्लेट जिथं बसते त्या कडेवरूनही काढायचं, नाहीतर दाब बदलतो. लेथवाल्याला हे कागदावर लिहून द्या. फ्लायव्हील हलकं करायचा मोह धरू नका. शहरात जड फ्लायव्हीलच गाडी शांतपणे उचलतं.

क्रँकचा एंड प्ले, म्हणजे पुढं-मागं होणारी हालचाल, क्लच लावण्याआधीच जमवायचा. फ्लायव्हील आणि बेअरिंगच्या मधे तीन शिम (पातळ चकत्या) असतात, नेहमी तीनच. ऑईल सील न लावता दोनच शिम घालून फ्लायव्हील घट्ट आवळा, डायल गेजनं हालचाल मोजा, त्यातून 0.10 मिमी वजा करा. उरलेली जाडी तिसऱ्या शिमची. शेवटी 0.07 ते 0.13 मिमीच्या मधे यायला हवं. मग सील बसवा आणि फ्लायव्हीलच्या आतली रबरी ओ-रिंग विसरू नका. ती राहिली तर नव्या क्लचवर तेल आलंच.

फ्लायव्हीलचा मधला मोठा नट 36 मिमीचा, त्याला साधारण 343 न्यूटन-मीटर लागतात. एवढा मोठा टॉर्क रेंच बहुतेकांकडे नसतो. पाना आडवा ठेवून नटाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर पाइपवर 70 किलोच्या माणसानं पूर्ण भार दिला की तेवढाच पिळ पडतो. फ्लायव्हील मात्र नीट अडकवून ठेवा. नटाच्या आत सुईदाणे असलेलं छोटं बेअरिंग असतं, त्याला चिमूटभरच ग्रीस. जास्त भरलं की ते उडून लायनिंगवर बसतं. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत, 25 न्यूटन-मीटरपर्यंत. प्लेट मधोमध धरायला जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर उत्तम.

पहिले पाचेकशे किलोमीटर ओझं नको, घाट नको, उगाच हाफ क्लच नको. लायनिंगला फ्लायव्हीलशी जुळायला तेवढा वेळ द्या.

आमची बीटल 1961 ची, 6 व्होल्टची, आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेली. 1200 चं मूळ इंजिन जपून ठेवून सध्या 1600 चं बसवायचं आहे. मेकॅनिक म्हणतो 1600 चं फ्लायव्हील गिअरबॉक्सला घासतं. खरं का? मग क्लच कुठला घ्यायचा?
– एक वाचक, मडगाव

मेकॅनिक खरं बोलतो. तुमच्या मूळ फ्लायव्हीलला 109 दात आणि क्लच 180 मिमीचा. 1600 च्या फ्लायव्हीलला 130 दात, क्लच 200 चा, आणि ते बाहेरूनही मोठं. जुन्या बेल हाउसिंगमध्ये ते टेकतं.

तुमच्यापुढं दोन वाटा आहेत. 1966 च्या 1300 च्या बीटलला 6 व्होल्ट, 109 दात आणि तरीही ओ-रिंगची खाच असलेलं फ्लायव्हील होतं. ते मिळालं तर 1600 ला बसतं. गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही, स्टार्टरही तोच राहतो. क्लच 180 चा. साध्या, न वाढवलेल्या 1600 ला तो नीट पुरतो. पुढं इंजिन वाढवायचं मनात असेल तर मात्र ही वाट सोडा. कंपनीनंसुद्धा बीटलला 1500 चं इंजिन दिलं तेव्हा क्लच 200 चा केला.

दुसरी वाट 200 ची, आणि तीत गाडी 12 व्होल्टची होते. बेल हाउसिंग आतून घासून जागा करायची, 12 व्होल्टचा स्टार्टर घ्यायचा, आणि स्टार्टरच्या शाफ्टचं गिअरबॉक्समधलं बुश बदलायचं. जुन्या शाफ्टची जाडी 12.5 मिमी, नव्याची 10.9, हे बुश न बदलता स्टार्टर लावला की तो लटपटतो, दात खातो, आणि दोष बॅटरीला दिला जातो.

घासण्याबद्दल मात्र हात जोडून सांगते. तो गिअरबॉक्स मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे आणि त्याचा कीस पेट घेतो. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर भडका वाढतो. ग्राइंडर लावू नका, खरखरीत कानशीनं घासा. कामाच्या जागी पेट्रोल नको, कीस साठू देऊ नका आणि शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवा. इनपुट शाफ्टच्या सीलवर आधी फडकं बांधा. शाईच्या मार्करनं फ्लायव्हीलची कड रंगवा, इंजिन लावून हातानं एक फेरा द्या, उतरवा, शाई जिथं उमटली तिथंच घासा. वेळ लागतो, पण फार थोडा धातू काढून भागतं.

मला विचाराल तर, मूळ इंजिन जपताय तर गिअरबॉक्सही जपा. पहिलीच वाट धरा. ते फ्लायव्हील शोधायला महिने लागले तरी चालेल. एकदा घासलेलं बेल हाउसिंग पुन्हा मूळ होत नाही, आणि एवढ्या जुन्या, एकाच घरात राहिलेल्या गाड्या गोव्यात किती उरल्या असतील?

नवा क्लच, नवं फ्लायव्हील. तरी पहिल्या गिअरमध्ये निघताना गाडी अंगात आल्यासारखी थरथरते. प्लेट खराब निघाली का?
– एक वाचक, नाशिक

प्लेटवर शेवटी यायचं. आधी गाडीखाली जा आणि क्लच केबलची लवचिक नळी बघा, गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला. तिला मुद्दाम बाक दिलेला असतो, साधारण 25 ते 45 मिमीचा. निघताना इंजिन आणि गिअरबॉक्स रबरावर थोडे हलतात. बाक नसेल तर त्या हलण्यानं केबल आपोआप ओढली-सोडली जाते, क्लच धरतो-सुटतो आणि गाडी थरथरते. बाक कमी असेल तर नळीच्या टोकाशी ब्रॅकेटजवळ वायसर घाला. काही रुपयांचं काम आहे, आणि किती गाड्यांचं इंजिन यासाठी विनाकारण उतरवलं गेलंय!

मग गिअरबॉक्सची रबरं बघा. तेल पिऊन फुगलेली असतील तर बदला. पेडलची मोकळी चाल 10 ते 20 मिमी आहे का ते बघा. मागच्या डाव्या चाकामागून हात घातला की केबलच्या टोकाचा पंखांचा नट लागतो, त्यानं ती जमते. एवढं करूनही थरथर राहिली तरच इंजिन खाली घ्या. तेव्हा प्लेटला आधी नाक लावा. जळका वास आला आणि लायनिंग चकाकत असली तर तिच्यावर तेल आलंय. ते इंजिनाच्या सीलचं की गिअरबॉक्सच्या, हे वासावरूनच कळतं. गिअर ऑईलला गंधकाचा उग्र दर्प असतो. तेल पिलेली लायनिंग पेट्रोलनं धुऊन पुन्हा वापरू नका.

आणि जुन्या क्लचची धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. गॅरेजातल्या पोरांना हे कुणी सांगत नाही आणि ती तोंडाला रुमालसुद्धा न बांधता हवा मारतात. मालकांनी हे मनावर घ्यायला हवं.

मी सॅन होजेला असते. 1970 ची व्हीडब्ल्यू बस आहे, इंजिन 1915 केलंय. इथले काही जण म्हणतात बीटलला चालतो तोच क्लच बसला चालतो, कारण माप 200 च. पटत नाही. तुमचं मत?
– एक वाचक, कॅलिफोर्निया

माप तेच, काम वेगळं. गाडी जागची हलवताना फ्लायव्हील फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. दोघांचा वेग जुळेपर्यंत क्लच घासतो आणि तापतो. ती उष्णता किती, हे इंजिनापेक्षा गाडीच्या वजनावर ठरतं. बीटल साधारण 800 किलोची. तुमची बस माणसं आणि सामान भरून दोन टनांपर्यंत जाते. तुमच्याकडे तर उभे चढ. म्हणून 1776 च्या बीटलला जिथं मी मूळ प्रतीची प्लेट पुरे म्हणते, तिथं 1915 च्या बसला सरळ 1700 पौंडांची सांगेन. लायनिंग साधीच ठेवा, आणि मागचे टायर मूळ मापापेक्षा मोठे लावू नका. मोठा टायर म्हणजे गिअर लांब, आणि त्याचा भुर्दंड क्लच भरतो.

1972 पासून बसला मोठं इंजिन आलं, तेव्हा कंपनीनं स्प्रिंगा कडक करत बसण्यापेक्षा क्लचचा व्यासच वाढवला आणि पुढं 2 लिटरला तो 228 मिमीचा झाला. व्यास वाढला की पाय जड न होता पकड वाढते आणि उष्णतेला पसरायला जागा मिळते. तुमच्या इंजिनाला तो सरळ बसत नाही, पण भविष्यात अख्खं इंजिन-गिअरबॉक्स बदलायचा विचार आला तर ही गोष्ट लक्षात असू द्या.

ताई, मी एकोणीस वर्षांचा आहे. मामाची बीटल पावसाळाभर रत्नागिरीला शेडमध्ये उभी होती. आता इंजिन चालू होतं पण गिअर पडत नाही, कर्रकन आवाज येतो. केबल ठीक आहे, पेडलही जातं. क्लच बदलायला लागेल?
– एक वाचक, रत्नागिरी

बहुतेक नाही. कोकणच्या दमट हवेत फ्लायव्हीलवर गंज चढतो आणि लायनिंग त्याला चिकटते. तू पेडल दाबतोस, प्रेशर प्लेट मागं येते, पण क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरूनच बसते.

गाडी सपाट मोकळ्या जागेत घे, पुढं-मागं माणूस, भिंत, काही नको. आधी इंजिन न्यूट्रलमध्ये चांगलं तापू दे आणि मग बंद कर. मागची दोन्ही चाकं मजबूत स्टँडवर उचल, नुसत्या जॅकवर अजिबात नाही, आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लाव. इंजिन बंद असतानाच चौथा गिअर टाक, पेडल पूर्ण दाबून ठेव आणि मग स्टार्ट कर. चाकं फिरू लागतील. पेडल दाबलेलंच ठेवून ब्रेकवर एकदा जोरात पाय दे. इंजिन बंद पडलं तर पुन्हा. दोन-चार वेळांत ठक्क करून प्लेट सुटते. सगळा वेळ मामा शेजारी हवेत, एकट्यानं हे करायचं नाही.

सुटली की हळू चालव, थोडी थरथर राहील आणि गंज घासून गेला की ती जाईल. दहा-बारा वेळा प्रयत्न करूनही सुटली नाही तर मात्र इंजिन उतरव. बीटलचं इंजिन चार बोल्टांवर असतं, तुझ्या वयाला शिकण्यासारखं काम आहे.

पुढच्या वर्षी मे अखेरीला गाडी उभी करताना पेडल खाली दाबून सीटच्या आणि त्याच्या मधे लाकडी दांडकं अडकव, म्हणजे प्लेट मोकळी राहील. आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांध, म्हणजे कुणी तसंच स्टार्ट करणार नाही.